एका मृत्यूची पन्नास मिनिटं

या पुस्तकातले सगळे लेख टीव्हीवरच्या एका पन्नास मिनिटांच्या भागाबद्दल आहेत. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ६ एप्रिल १९६७ रोजी, गुरुवारी रात्री तो पहिल्यांदा दाखवला गेला. मालिका ‘स्टार ट्रेक’, पहिलं पर्व, प्रक्षेपणाच्या क्रमाने अठ्ठाविसावा भाग, नाव ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी हे पुस्तक मिटून आधी तो पाहून घ्यावा, कारण पुढच्याच परिच्छेदात मी शेवट सांगून टाकणार आहे. पाहिलेल्यांनी पुन्हा एकदा पाहावा. माझं जे काही म्हणणं आहे ते दुसऱ्या खेपेच्या पाहण्याबद्दल आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. ‘एन्टरप्राइज’ हे अंतराळयान एका अनोळखी ग्रहाभोवती फिरतं आहे. यानाला बसलेल्या धक्क्याने डॉक्टर मॅकॉयच्या हातातली सुई त्याच्याच अंगात जाते आणि औषधाच्या अतिरेकाने त्याचं डोकं फिरतं. तो ग्रहावर पळतो. तिथे एक प्राचीन, बोलणारी कमान आहे, ‘गार्डियन ऑफ फॉरएव्हर’, जिच्यातून भूतकाळात उडी मारता येते. मॅकॉय उडी मारतो आणि त्या क्षणी आकाशातलं यान नाहीसं होतं. मागे त्याने काहीतरी बदललं आहे. ते थांबवायला कॅप्टन कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये उतरतात. महामंदीचे दिवस आहेत, रस्त्यावर बेकारांच्या रांगा आहेत. ईडिथ कीलर नावाची एक बाई भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवते. ती या दोघांना तासाला पंधरा सेंट मजुरीवर कामाला ठेवते आणि कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉकला कळतं, की ईडिथ लवकरच अपघातात मरायला हवी. जगली तर ती शांततेची चळवळ उभारेल, त्यामुळे अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल, जर्मनी अणुबाँब आधी बनवेल आणि हिटलर जिंकेल. मॅकॉयने तिला वाचवलं होतं, बिघाड तेवढाच. शेवटी ती रस्ता ओलांडत असताना समोरून ट्रक येतो, मॅकॉय धावतो आणि कर्क त्याला मिठी मारून अडवतो.

पहिल्यांदा पाहताना ही शोकान्त प्रेमकथा वाटते, आणि तशी ती आहेही. जोन कॉलिन्सने ईडिथचं काम इतक्या प्रसन्नपणे केलं आहे की आपणही कर्कच्या मागोमाग जातो. पण दुसऱ्यांदा पाहताना डोळे कर्कवर ठरत नाहीत, ते स्पॉककडे जातात. कारण तोच एक आपल्यासारखा आहे. त्याला पुढचं ठाऊक आहे.

हे मी अलंकार म्हणून सांगत नाही, कथेची बांधणीच तशी आहे. कमानीतून इतिहास झरझर सरकत होता तेव्हा स्पॉक आपल्या ट्रायकॉर्डरवर त्याचं चित्रण करत होता. १९३० मध्ये आल्यावर तो रेडिओच्या नळ्या, तारा, मिळेल ते भंगार जोडून एक यंत्र उभं करतो, कशासाठी? तर तेच चित्रण पुन्हा, हळू गतीने पाहता यावं म्हणून. म्हणजे या भागाच्या मध्यभागी एक माणूस भाड्याच्या खोलीत बसून छोट्याशा पडद्यावर आधी पाहिलेलंच परत पाहतो आहे. एकदा त्याला १९३६ सालच्या वर्तमानपत्राचं पान दिसतं, त्यात ईडिथ राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना भेटल्याची बातमी. आणि एकदा १९३० चं पान, त्यात तिच्या मृत्यूची. दोन्ही पानं खरी, पण एकाच इतिहासात मावणार नाहीत अशी. घरात व्हिडिओ यायच्या कितीतरी आधी, भाग एकदा हुकला की पुढच्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहण्यावाचून इलाज नसलेल्या काळात, कुणीतरी पुन्हा पाहण्याचीच गोष्ट लिहून ठेवली होती. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्यांनाही ती एकेकदाच दिसत होती.

एक प्रसंग घ्या. ईडिथ जिन्यावर अडखळते, कर्क चटकन तिला सावरतो. पहिल्या खेपेला हा साधा शृंगार. दुसऱ्या खेपेला आपल्या पोटात गोळा येतो, कारण पाहणारा स्पॉक तिथेच आहे आणि तो लगेच कर्कला बोलून दाखवतो, की हाच तो अपघात असता तर? कर्कने तिला पडू द्यायला हवं होतं. आणि कर्कच्या हाताने विचार करण्याआधीच काम केलं होतं. शेवटच्या प्रसंगात त्याच हाताने नेमकं उलटं करायचं आहे याची ही तालीम आहे, आणि ती इतक्या सहज उरकली जाते की पहिल्यांदा कुणाच्याही ध्यानात येऊ नये. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयच्या चेहऱ्यावर या साऱ्या वेळात जे चालतं ते मी इथे वर्णन करत नाही, त्यावर पुढे एक स्वतंत्र लेख आहे. एवढंच सांगतो, की भावना नसलेलं पात्र म्हणून ज्याची ख्याती, तोच या भागात सगळ्यात जास्त अस्वस्थ आहे. ईडिथलाही ते कळतं. स्पॉकची जागा कर्कच्या शेजारीच आहे, जणू कायमचीच, असं ती म्हणते, तेव्हा तिला या दोघांबद्दल काहीच माहीत नसतं.

दुसऱ्या खेपेलाच कळणारी आणखी एक गोष्ट मला जास्त छळते. ईडिथ आणि कर्क सिनेमाला निघालेत. ती क्लार्क गेबलचं नाव घेते. कर्क विचारतो, कोण? ती म्हणते, गंमत आहे, डॉक्टर मॅकॉयनेही असंच विचारलं होतं. मॅकॉय! कर्क तिला तिथेच थांबायला सांगून रस्ता ओलांडून परत धावतो. मॅकॉय सापडतो, तिघे मित्र गळ्यात पडतात आणि पलीकडच्या कडेला उभी राहिलेली ईडिथ हे काय चाललंय म्हणून कुतूहलाने त्यांच्याकडे पाहत रस्त्यात उतरते. आता सांगा, तिला ट्रकखाली कुणी आणलं? कर्कने मॅकॉयला अडवलं हे सर्वांना आठवतं. पण ती त्या क्षणी रस्त्यात आली कर्कमुळे, हे भाग कुठेही बोलून दाखवत नाही. मग कर्क आलाच नव्हता त्या मूळच्या इतिहासात ती कशी मेली होती? कोणत्या रस्त्यावर? यावर वाद घालणारे दोन लेख या पुस्तकात आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. पटवून घेण्याचा प्रयत्न संपादक म्हणून मी केलेला नाही.

(जाता जाता: १९३० मध्ये क्लार्क गेबल ताराच नव्हता, त्याचं नाव गाजू लागलं ते १९३१ पासून. म्हणजे सिनेमाच्या शौकिनालाही तेव्हा ‘कोण?’ असं विचारायची मुभा होती. भागात वाजणारं ‘गुडनाइट स्वीटहार्ट’ हे गाणंही १९३१ चं. काळात ढवळाढवळ करू नये असं बजावणाऱ्या कथेत असे दोन घुसखोर राहावेत, हे मला आवडतं.)

आता लेखकाकडे. श्रेयनामावलीत नाव एकट्या हार्लन एलिसनचं आहे आणि त्या नावावरून पुढची कित्येक वर्षं रणकंदन झालं. एलिसन तेव्हा तिशीतला, भांडखोर आणि विलक्षण प्रतिभेचा विज्ञानकथाकार. त्याने लिहिलेल्या संहितेत मॅकॉयचा अपघात नव्हताच. यानावर मादक पदार्थ विकणारा बेकविथ नावाचा एक अधिकारी होता, तो खून करून भूतकाळात पळतो. निर्मात्यांना हे आपल्या यानात शोभेना, खर्चही परवडेना. मग संहिता हातोहात फिरली. स्टीव्हन कॅराबात्सोस, जीन कून, डी. सी. फोन्टाना आणि मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी, या सगळ्यांनी ती पुन्हा लिहिली. संतापलेल्या एलिसनने आपल्या नावाऐवजी ‘कॉर्डवेनर बर्ड’ हे टोपणनाव टाकायला सांगितलं, रॉडनबेरीने ऐकलं नाही. पुढे रॉडनबेरी जाहीर कार्यक्रमांतून सांगत राहिला, की एलिसनने आमच्या स्कॉटीला, यानाच्या इंजिनिअरला, मादक पदार्थ विकायला लावलं होतं. ते साफ खोटं होतं. मूळ संहितेत स्कॉटी तसलं काही करत नाही.

शेवटी झालं असं, की टीव्हीवर दिसलेल्या भागाला १९६८ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला (त्या वर्षी त्या विभागातली पाचही नामांकनं ‘स्टार ट्रेक’च्याच भागांना होती) आणि एलिसनच्या मूळ, न चित्रित झालेल्या संहितेला पटकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. दोन्ही इतिहास जिंकले म्हणायचे. १९९६ मध्ये एलिसनने मूळ संहिता पुस्तकरूपाने काढली आणि तिला एक लांबलचक, जळजळीत प्रस्तावना जोडली. अनेकांना संहितेपेक्षा ती प्रस्तावनाच जास्त आठवते. माझ्यासमोर तो धोक्याचा इशारा आहे.

एलिसनची संहिता श्रेष्ठ की चित्रित भाग, यावर चाहत्यांत दोन तट आहेत. माझं मत सांगतो. शेवटचा प्रसंग चित्रित भागातच बरोबर जमला आहे. मूळ संहितेत ट्रक येतो तेव्हा कर्क जागच्या जागी थिजतो, त्याला काहीच करवत नाही. तो बेकविथ, तो गुन्हेगार, तिला वाचवायला उपजत ओढीने पुढे होतो आणि त्याला स्पॉक रोखतो. नराधमाच्या हातूनही एक चांगली कृती होऊ पाहते, ही कल्पना थोर आहे यात शंका नाही. पण प्रेमिक म्हणून कर्क त्यात सुटतो. त्याच्या हाताला काही लागत नाही. चित्रित भागात मॅकॉयला अडवणारे हात कर्कचेच आहेत, आणि मॅकॉयच्या ‘काय केलंस तू हे?’ या आक्रोशाला कर्क उत्तर देत नाही, स्पॉक देतो. कर्क झालेल्या विल्यम शॅटनरच्या अभिनयाची टिंगल करणाऱ्यांनी तेवढं अर्धं मिनिट पाहावं. संपूर्ण मालिकेत त्याने इतकं कमी कधीच केलं नाही.

मात्र एलिसनच्या संहितेतला एक माणूस कापला गेला, त्याची भरपाई झालेली नाही. त्याचं नाव ट्रूपर. पहिल्या महायुद्धात व्हर्दँला दोन्ही पाय गमावून न्यूयॉर्कच्या पदपथावर आलेला सैनिक. तो कर्कला मदत करतो आणि मारला जातो. नंतर कळतं, की त्याच्या मरण्याने इतिहासात काही म्हणजे काही फरक पडला नाही. ईडिथ जगली तर जग उलटंपालटं होणार आणि हा मेला तरी पान हलणार नाही. कर्कला हे सहन होत नाही, आणि एलिसनची खरी गोष्ट तिथे आहे. कुणाचं जगणं मोजलं जातं आणि कुणाचं नाही?

चित्रित भागातून हा प्रश्न गाळला गेला, पण त्याचा एक विचित्र अवशेष उरला आहे. बेशुद्ध मॅकॉयच्या खिशातून एक भणंग माणूस फेजर हे शस्त्र उचलतो, उलटसुलट करून पाहतो, चुकून चाप दाबतो आणि क्षणात नाहीसा होतो. पुन्हा त्याचा उल्लेख नाही. इतिहास बदलण्याची एवढी धास्ती असलेल्या कथेत भविष्यातल्या शस्त्राने एक जिवंत माणूस पुसला जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. बहुतेक समीक्षक याला पटकथेतली चूक म्हणतात. चूक असेलही. पण दुसऱ्यांदा पाहताना मला त्या गल्लीत ट्रूपरच दिसतो. ट्रूपरसाठी निदान कर्क तरी कळवळला होता. या माणसासाठी कुणीच थांबत नाही, आपणही नाही. आपलं लक्ष पुढे काय होणार याकडे लागलेलं असतं.

या भागाचं राजकारण टाळून पुढे जाता येणार नाही. ४ एप्रिल १९६७ रोजी, म्हणजे प्रक्षेपणाच्या दोनच दिवस आधी, मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्याच रिव्हरसाइड चर्चमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आपलं प्रसिद्ध भाषण केलं. चित्रीकरण फेब्रुवारीतच झालं होतं, तेव्हा हा योगायोग. पण त्या गुरुवारी रात्री टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकनांना न्यूयॉर्कमधली एक शांततावादी व्यक्ती दाखवली जात होती, जी तत्त्वतः बरोबर आहे पण जिची वेळ चुकली आहे, म्हणून तिचं मरणच जगाच्या हिताचं. निर्मात्यांपैकी रॉबर्ट जस्टमन यांना पंचवीस वर्षांनी विचारण्यात आलं, की व्हिएतनामविरोधी चळवळ तेव्हा तुमच्या मनात होती का. अर्थातच होती, असं त्यांनी सांगितलं. त्या भाषणानंतर बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ ला, किंग यांची हत्या झाली. हे माहीत असणाऱ्याला दुसऱ्या खेपेला हा भाग निवांतपणे पाहताच येत नाही. आणि याच मालिकेत उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकोल्सने नोकरी सोडू नये म्हणून तिला गळ घालणारेही किंगच होते, असं तिने पुढे सांगितलं. एकाच माणसाचे दोन धागे या मालिकेत असे उलट दिशांनी जातात.

खऱ्या इतिहासातही एक ईडिथ कीलर होती. तिचं नाव डोरोथी डे. तिने १९३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीटर मॉरिनबरोबर ‘कॅथलिक वर्कर’ चळवळ सुरू केली, बेकारांना जेवू घातलं, निवारा दिला. ती कट्टर शांततावादी होती, इतकी की दुसरं महायुद्ध पेटल्यावरही ती हटली नाही आणि तिच्या वृत्तपत्राचे वाचक मोठ्या संख्येने गळाले. ती १९८० पर्यंत जगली. अमेरिका युद्धात उतरायची तेव्हा उतरली. हिटलर हरला. एका अन्नछत्राच्या बाईमुळे महासत्तेचं धोरण वर्षानुवर्षं लांबेल हे कथेने आपल्याकडून मान्य करून घेतलं आहे, ते काही इतिहासाने सांगितलेलं नाही. तराजूच्या एका पारड्यात आधीच वजन टाकून ठेवलं आहे. भारतीय प्रेक्षकाच्या मनात तर १९३० म्हटलं की दांडी येते. ईडिथ भुकेल्यांना सूप वाढत होती त्याच वर्षी साबरमतीहून एक माणूस समुद्राकडे चालत निघाला होता, आणि त्यालाही आयुष्यभर लोकांनी सांगितलं, की तुमचं बरोबर आहे पण ही वेळ नव्हे.

मराठी वाचकाला इतिहासाचा फाटा ही कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी कानाला चाटून जाते आणि मराठे पानिपत जिंकतात. पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा. तिथेही एका माणसाच्या जगण्यामरण्यावर सारं काही टांगलेलं आहे, आणि तिथेही, गंमत पाहा, गंगाधरपंत दुसऱ्या जगात जाऊन पडतात ते ट्रकच्याच धडकेने. पण मनाची दिशा उलट आहे. विश्वासराव वाचावेत असं आपल्या मनात पिढ्यान्पिढ्या साचलेलं आहे, नारळीकर ती इच्छा तपासायला काढतात. ईडिथ मरावी असं मात्र कुणाच्याच मनात नसतं. ती इच्छा कथेला पन्नास मिनिटांत आपल्या मनात निर्माण करावी लागते आणि ती करते, हेच मला भीतीदायक वाटतं. शेवटच्या मिनिटाला मॅकॉय धावतो तेव्हा क्षणभर का होईना, त्याने पोहोचू नये असं आपल्याला वाटून जातं. सत्प्रवृत्त माणूस चांगलं काम करायला धावतो आहे, आणि आपण त्याच्याविरुद्ध.

पुढच्या लेखांचा क्रम मी कालानुसार लावलेला नाही. आधी निमॉयवरचा लेख, मग अपघातावरचे ते दोन परस्परविरोधी लेख, मग एलिसनच्या संहितेचं सविस्तर वाचन. फोन्टाना यांच्यावरचं टिपण छोटं आहे पण ते चुकवू नये, कारण या कथेवर त्यांनी एक पूर्ण मसुदा खर्ची घातला आणि पटकथेच्या श्रेयात त्यांचं नाव कुठेच नाही. दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी आणि संगीताबद्दल शेवटी थोडं आहे. ‘गुडनाइट स्वीटहार्ट’ची धून हक्कांच्या भानगडीत काही घरगुती आवृत्त्यांतून काढून दुसरी घातली गेली होती, तेव्हा वाचकाने आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे ते आधी तपासावं. धून बदललेली असेल तर कर्क आणि ईडिथच्या प्रसंगांवरचा तो लेख तुम्हाला लागू पडणार नाही. बाकीचे पडतील.